यागोदाचं पिंप

आमच्या डोंगरात डॉक्टरनं कुणाला विचारलं, "पिता का?" तर उत्तर ठरलेलं. "छे हो! थेंबसुद्धा नाही." आणि असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, बरं का. आमच्याकडे 'पितो' म्हणजे जो गटारात झोपतो, ज्याला बायको ढकलगाडीत घालून घरी आणते, तो. बाकी सकाळी उठल्यावर आलुबुखाराच्या राकियाचा एक छोटा ग्लास, तो रक्त मोकळं व्हायला. कॉफीसोबत दुसरा, कारण नुसती कॉफी पोटात टोचते. पोस्टमन आला तर त्याच्याबरोबर एक, पाहुण्याला एकट्याला कसं प्यायला लावायचं? संध्याकाळी गुडघे दुखतात म्हणून थोडी गुडघ्याला चोळायची आणि उरलेली वाया जाऊ नये म्हणून पोटात. आता यात पिणं कुठं आलं, तुम्हीच सांगा! घरच्या झाडाची आलुबुखारं, घरची भट्टी, आजोबांपासून चालत आलेलं. ते औषध.

बेलग्रेडहून शिकून आलेली पोरं 'पीत नाही' असं केसपेपरवर लिहायची आणि पुढं जायची. त्यांचं काय चुकलं? विचारलं, उत्तर मिळालं, लिहिलं.

स्टामेंकानंही एकदा असंच लिहिलं होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, नर्सचा पांढरा डगला अजून कडक होता. मिलून नावाचा एक धनगर हर्नियाच्या ऑपरेशनला आला. पिता का? नाही. 'पीत नाही.' खाली तिची सही. ऑपरेशन झक्क झालं. तिसऱ्या दिवशी मिलूनला भिंतीवर मेंढ्या दिसायला लागल्या. तो त्यांना हाका मारत सुटला, मग फिट आली, मग दुसरी आली, आणि चौथ्या दिवशी मिलून गेला. रोज लिटरभर घेणारा माणूस, इस्पितळात आल्यापासून एक थेंब नाही. शरीरानं सूड घेतला. वेळेवर कळलं असतं तर साध्या गोळ्यांनी आणि सलाईननं निभावलं असतं. मिलूनच्या बायकोनं दोष कुणालाच दिला नाही. ती एवढंच म्हणाली, "पण तो पीत नव्हता हो, सिस्टर." हे वाक्य स्टामेंकाच्या छातीत जे रुतलं ते रुतलंच.

त्यानंतर तिनं 'पिता का?' हा प्रश्न आयुष्यात कुणाला विचारला नाही. तिनं स्वतःचा प्रश्न तयार केला. पेशंटचं ब्लडप्रेशर घेता घेता, इकडच्या तिकडच्या गप्पांत, ती हळूच सोडायची, "काय काका, यंदा आलुबुखारं कशी होती? भट्टी किती लिटरची निघाली?"

काकांची छाती फुगायची. "ऐंशी लिटर! आणि अशी निघालीय, सिस्टर, की एका घोटात कपाळावर घामाचे मणी उभे राहतात."

"वा! आणि आता पिंप वाजवून बघितलं तर भरीव आवाज कुठून येतो? वरून की खालून?"

"आता? आता खालूनच येतो म्हणा. हातभर राहिली असेल तळाला."

ऑक्टोबरात ऐंशी लिटर, मार्चात हातभर. घरात पिणारा एकटा. स्टामेंका मनातल्या मनात हिशोब घालायची आणि केसपेपरवर खरा आकडा लिहायची. माणूस स्वतःबद्दल खोटं बोलेल, बायकोबद्दल बोलेल, देवाबद्दलही बोलेल, पण आपल्या पिंपाबद्दल खोटं बोलणार नाही, असं ती नव्या पोरींना शिकवायची. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिचा प्रश्न उचलला. तीस वर्षांत मिलूनसारखा दुसरा झाला नाही. आणि डोंगरभर तिचं नाव झालं. खानावळीत ती शिरली की कुणीतरी टेबल वाजवायचं, टक टक टक, आणि सगळे हसायचे. "पिंपं लपवा रे, स्टामेंका आली!" ती म्हणायची, "लपवा, लपवा! मला पिंप नको, तुमच्या हाताचा कंप पुरे आहे." लाजणारी बाई नव्हेच ती. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की जिन्यावरून बोलली तर तळमजल्यावरचा पेशंट गोळी गिळायचा.

दर गुरुवारी दुपारी दारू सोडलेल्यांची बैठक इस्पितळाच्या जुन्या धोबीखान्यात भरायची. चौदा वर्षं तिथलं रजिस्टर तिच्याकडे. कोण किती दिवस कोरडा आहे, कोण घसरला, कुणाची बायको आली, कुणाची आली नाही. बैठकीचा एक नियम होता, एकटं यायचं नाही. घरचं माणूस शेजारी बसलंच पाहिजे, कारण बाटली एकाच्या हातात असली तरी घर सगळं तिच्याभोवती फिरत असतं. हा नियम स्टामेंका नव्या बायकांना कडक शब्दांत सुनवायची. "तुम्हाला काहीच दिसलं नाही म्हणता? सहा वर्षं? डोळे कुठं ठेवले होते, बाई?"

तिच्या स्वतःच्या घरी मात्र सगळं सोन्यासारखं होतं. नवरा ओब्राद. बोलायला कमी, हाताला बरकत. लाकडाची पिंपं बांधायचा, बापाकडून शिकलेला. ओकच्या पट्ट्या तासायच्या, आगीवर वाकवायच्या, लोखंडी कडी ठोकून बसवायची. त्याच्या पिंपातून थेंब गळत नाही असं तीन खोऱ्यांत म्हणायचे. त्याच्या अंगाला कायम ओकचा आणि राकियाचा वास, कारण नवं पिंप राकियानं धुऊनच गिऱ्हाइकाला द्यायचं असतं. लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून स्टामेंकाला तो वास ओळखीचा. तो वास म्हणजे ओब्राद.

यागोदा, त्यांची एकुलती एक पोर, जन्मली त्या वर्षी ओब्रादनं आपल्या हातानं सव्वाशे लिटरचं एक पिंप बांधलं, आलुबुखाराच्या सगळ्यात चांगल्या राकियानं भरलं आणि तळघरात ठेवलं. मुलगी जन्मली की भरायचं आणि तिच्या लग्नात फोडायचं, ही आमची रीत. मध्ये कुणी तोटीला हात लावायचा नाही. पाहुण्यांना, सणावारी द्यायला वेगळी बरणी असायची. यागोदाच्या पिंपाला सगळं घर मान द्यायचं. दर वसंतात संत जॉर्जच्या दिवशी स्टामेंका तळघरात उतरायची, बोटाच्या पेरानं पिंप वरून खालपर्यंत वाजवायची. ठप, ठप, ठप. वरपासून भरलेलं. मग वर येऊन म्हणायची, "आहे हो पोरीचं धन जागेवर!" आणि ओब्राद जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून मान हलवायचा.

तेवीस वर्षं तिनं ते पिंप वाजवलं. इस्पितळातही अभिमानानं सांगायची, "आमच्या घरचं पिंप बघा! तेवीस वर्षं भरलेलं. माझा माणूस औषधालासुद्धा घेत नाही."

खरं सांगायचं तर मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती. बाजारात निळी प्लास्टिकची पिंपं आली. हलकी, स्वस्त, गळायची भानगड नाही. ओब्रादची गिऱ्हाइकं एकेक करून गेली. पहिल्या वर्षी निम्मी, दुसऱ्या वर्षी सगळीच. तो रोज सकाळी कारखान्यात जायचा, म्हणजे घरामागच्या त्या खोपटात, आणि संध्याकाळी यायचा. काय करायचा तिथं? स्टामेंकानं एकदा विचारलं होतं. "जुनी पिंपं दुरुस्त करतो," म्हणाला. बरं, म्हणाली. तिची ड्युटी होती, गुरुवारची बैठक होती, जगभरच्या नवऱ्यांची काळजी होती. संध्याकाळी ती दमून यायची आणि जेवताना आज कोण काय म्हणालं ते सांगत सुटायची. ओब्राद ऐकायचा. ऐकणारा नवरा मिळायला नशीब लागतं, असं तिला वाटायचं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, भर सकाळी, ओब्राद खोपटातल्या शिडीवरून पडला. मांडीचं हाड वर, खुब्यापाशी मोडलं. शेजारच्यांनी दाराच्या फळीवर घालून खाली इस्पितळात आणला. स्टामेंका ड्युटीवरच होती. रंग उडालेला नवरा बघून ती घाबरली, पण ती कुणाला दिसू देईल तर ना! "एवढ्या मोठ्या घोड्याला शिडी चढता येत नाही," असं त्याला रागावतच तिनं त्याचे बूट काढले.

अ‍ॅडमिट करून घ्यायला डॉ. नेवेना होती. वय एकतीस, डोळ्यांखाली काळं, आणि हुशार. स्टामेंकाचा प्रश्न ती तिच्याकडूनच शिकली होती. लिहिता लिहिता हसून म्हणाली, "आता काय, सिस्टर? तुमच्याच घरच्या पिंपाचं मी विचारू की तुम्हीच लिहिता?"

"आणा इकडे," स्टामेंकानं पेन घेतलं. "आमचं पिंप सगळ्या वॉर्डाला पाठ आहे. लिहिते, घेत नाही. अजिबात नाही."

ओब्राद छताकडे बघत होता. त्यानं मान वळवली. "स्टामेंका," तो म्हणाला, "ते पिंप..."

"गप रे! पाय मोडलाय आणि याला पिंपाची पडलीय. दुखतंय ना? इंजेक्शन देतात आता."

त्यानं तोंड परत छताकडे केलं. 'घेत नाही.' खाली स्टामेंकाची सही, तीस वर्षांच्या सरावाची, वळणदार. ऑपरेशन तिसऱ्या दिवशी ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कपाळावर घाम होता. खोलीत तर गारठा. दुखत असेल, स्टामेंका म्हणाली. हात थरथरत होते, चहाचा कप बशीवर वाजत होता. भीती वाटत असेल, कधी इस्पितळात राहिलेला नाही बिचारा. नाडी जोरात, रात्रभर झोप नाही. अहो, दुसऱ्या कुणाचा असता तर जिन्याच्या खालून ओळखला असता तिनं तो हात! तीस वर्षं तिनं तो कंप बघितला होता. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

साडेअकराला ओब्राद चादरीवरून काहीतरी वेचायला लागला. दोन बोटांनी, अगदी अलगद, एकेक. वेचायचं आणि मांडीवरच्या नसलेल्या टोपीत टाकायचं.

"काय करतोस रे?" स्टामेंकानं विचारलं.

"आलुबुखारं. पिकून खाली पडलीत सगळी. मधमाश्या लागतील. तूही वेच ना."

डॉ. नेवेना आली. तिनं ताप बघितला, फुप्फुसं तपासली, रक्त पाठवलं. हाड मोडल्यावर चरबीची गुठळी मेंदूकडे जाते, तसं काही आहे का याच्या मागे ती लागली. मोठ्या शहरात हलवायचं का, असा फोनही झाला. मग बाजूला घेऊन ती हलक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, रागवू नका. इतर कुणी असता तर मी म्हटलं असतं की हा दारू तुटल्याचा वात आहे. आजचा दुसरा दिवस, अगदी वेळेवर. पण केसपेपरवर तुमची सही आहे."

"मग आहे ना सही!" स्टामेंका कडाडली. "मी काय आजकालची पोरगी आहे? दर वर्षी या हातानं वाजवते मी ते पिंप!"

"तसं नाही हो सिस्टर. मी गुठळीच शोधते." नेवेना वळली. "पण दोन्ही एकदम धरून चालत नाही. औषधं उलटसुलट आहेत. गुठळी असेल आणि मी त्याला गुंगीच्या गोळ्या दिल्या, तर श्वासच बंद पडेल. आणि वात असेल आणि गोळ्या नाही दिल्या..."

स्टामेंकाला मिलूनच्या भिंतीवरच्या मेंढ्या दिसल्या.

"मला तासभर द्या," ती म्हणाली.

कपडे धुवायला नेणारी इस्पितळाची गाडी डोंगराकडेच निघाली होती. ती डगल्यातच पुढं बसली. ड्रायव्हरनं नेहमीसारखं स्टिअरिंग वाजवलं, टक टक टक, आणि तिचं तोंड बघून हात आखडता घेतला. सहा किलोमीटरचा चढ होता. मनात एकच चाललेलं, पिंप भरलेलं असणार. माहीत आहे मला. फक्त वाजवायचं आणि परत यायचं.

तळघरात दिवसाउजेडी झरोक्यातून पुरेसा प्रकाश येतो. बटाटे, लोणच्याच्या बरण्या, आणि कोपऱ्यात यागोदाचं पिंप. तिनं वरून वाजवलं. ठप. मध्ये, ठप. खाली, ठप. काठोकाठ भरलेलं!

तिला रडूच कोसळलं. पिंपाला मिठी मारून ती रडली. "देवा, वाचवलंस! गुठळी तर गुठळी, निदान..." पुढचं तिला स्वतःलाच ऐकवेना. निदान काय? निदान अब्रू वाचली? नवरा मरणाच्या दारात आणि बाईला सुटल्यासारखं वाटतंय! तिनं डोळे पुसले, निघायला वळली, आणि तिची नजर तोटीवर गेली.

तोटीच्या टोकाला एक गोगलगाय चिकटली होती. चांगली पोसलेली. तोटीतून पाझरणाऱ्या थेंबावर तोंड लावून निवांत बसली होती. खाली दगडावर हिरवं शेवाळ धरलं होतं, तळहाताएवढं.

आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की राकिया सांडली तिथं शेवाळ धरत नाही, आणि गोगलगाय त्या वासाला दहा हात लांब पळते.

स्टामेंकानं गोगलगाय बाजूला ठेवली. तेवीस वर्षांत प्रथमच तोटी फिरवली. ओंजळीत धरलं. प्याली. विहिरीचं पाणी होतं. आपल्या घरच्या विहिरीचं, लोखंडाची किंचित चव असलेलं. दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी म्हणतात, तसं झालं, फक्त दूध कुठंच नव्हतं.

ती परत आली तेव्हा वॉर्डात भेटीची वेळ होती. सगळ्या खाटांपाशी नातेवाईक, पाव, सफरचंदं, गलका. यागोदाही शहरातून बसनं येऊन पोचली होती, बापाचा हात धरून रडत होती आणि बाप तिला आलुबुखारं देत होता. स्टामेंका सरळ डॉ. नेवेनाच्या टेबलापाशी गेली. हळू बोलता आलं असतं. दार लावून घेता आलं असतं. पण तिला हळू बोलताच येत नसे, आणि त्या दिवशी तिनं तसा प्रयत्नही केला नाही.

"केसपेपर आणा. माझं खोटं आहे ते. पिंपात पाणी आहे. सव्वाशे लिटर पाणी! माझा नवरा पितो, आणि किती ते मला माहीत नाही. सुरू करा काय करायचं ते!"

वॉर्डातली सगळी तोंडं तिच्याकडे वळली. खिडकीपाशी एक म्हातारी होती, तिच्या तिन्ही मुलांचा हिशोब स्टामेंकानं कधीकाळी काढला होता. ती पुटपुटली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." स्टामेंकाला ऐकू गेलं. ती म्हणाली, "बरोबर आहे, आजी." आणि 'घेत नाही' वर अशी काट मारली की कागद फाटला.

नेवेना एक अक्षरही वावगं बोलली नाही. गोळ्या, सलाईन, आधी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मगच साखरेचं पाणी, हे सगळं ज्या क्रमानं व्हायचं त्या क्रमानं झालं. दर तासाला कुणीतरी हाताचा कंप आणि घाम बघून आकडा लिहायचं. चारच्या सुमारास एक फिट आली. एकच. स्टामेंकानं स्वतः त्याला कुशीवर धरलं आणि तिच्या तोंडून सारखं एकच निघत होतं, "मिलून नको, देवा. मिलून नको." चौथ्या दिवशी सकाळी ओब्रादनं चादरीकडे बघितलं, चादर रिकामी होती. पाचव्या दिवशी त्यानं खायला मागितलं. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं, आणि ते नीट झालं.

जीव वाचला. घर वाचायचं राहिलं होतं.

कारण शुद्धीवर आल्यापासून ओब्राद बोलेना. स्टामेंका म्हणायची, "का केलंस असं?" तो भिंतीकडे. "किती वर्षं चाललंय?" भिंतीकडे. "पोरीच्या लग्नाचं पिंप रे! लाज नाही वाटली?" यावर त्यानं डोळे मिटले. यागोदा आईला म्हणाली, "आई, पुरे. मला कुठं दारूत आंघोळ करायचीय लग्नात? बाबा पाहिजेत मला." पण स्टामेंकाचा राग काही उतरेना. त्याच्या पिण्याचा होता की त्यानं तिला फसवल्याचा, हे तिलाही सांगता आलं नसतं. डॉ. नेवेनानं बजावलं होतं, "बोलला नाही तर घरी जाऊन पुन्हा घेईल, सिस्टर. आणि या वयात, या यकृतानं, पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही. गुरुवारी दोघं या."

दोघं या! हे वाक्य स्टामेंकाचं होतं. किती बायकांना सुनावलं होतं तिनं ते.

सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी ओब्राद वॉकर टेकत धोबीखान्यात आला. खिडकीपाशी रजिस्टरची खुर्ची रिकामी होती. स्टामेंकाचे पाय सवयीनं तिकडेच वळले. मग ती थांबली आणि बाकावर नवऱ्याशेजारी येऊन बसली. नऊ जोडपी होती. कुणी हसलं नाही, कुणी काही वाजवलं नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकाला ते बाक पहिल्या दिवशी किती टोचतं ते माहीत होतं.

त्या दिवशी बैठक चालवायची पाळी स्वेतोलिक काकांची. सुतार माणूस, अकरा वर्षं कोरडा, मिशीला पीळ. अकरा वर्षांपूर्वी स्टामेंकानंच त्याला तो प्रश्न विचारला होता. त्यानं घसा खाकरला.

"हं, ओब्राद. नवा माणूस आला की आम्ही इथं एकच विचारतो, आणि कुणाचा प्रश्न आहे ते तुला सांगायला नको. भट्टी किती लिटरची, आणि आता पिंप वाजवलं तर आवाज कुठून येतो?"

ओब्रादनं आपल्या हातांकडे बघितलं. हात आता थरथरत नव्हते.

"वाजवून काही कळत नाही, काका," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज निघाला. "पिंपं बांधणारा आहे मी. पाण्यानं भरलं काय नि राकियानं भरलं काय, आवाज तोच. फरक फक्त तोटी उघडल्यावर कळतो."

"मग?"

"काम सुटलं त्या हिवाळ्यात पहिला ग्लास काढला. वाटलं, एवढ्यानं काय होतंय. मग आवाज बदलेल म्हणून ग्लासभर पाणी घातलं. मग रोज. काढायची आणि तेवढंच पाणी ओतायचं. तीन वर्षांत त्यात नुसतं पाणी राहिलं. पुढची तीन वर्षं मी खोपटात स्वतःची भट्टी लावली. सगळी मिळून सहा वर्षं."

"सहा वर्षं!" स्टामेंकाच्या तोंडून निघून गेलं. "आणि मी दर वर्षी येऊन..."

"हो. तू दर वर्षी यायचीस." तो तिच्याकडे वळला नाही, स्वेतोलिककडेच बघून बोलत राहिला. "संत जॉर्जच्या दिवशी ती खाली उतरायची आणि मी वरच्या पायरीवर उभा राहायचो. मनात म्हणायचो, आज तोटी उघडेल. उघडली की सगळं सांगून टाकायचं, पायावर डोकं ठेवायचं. ती वाजवायची, हसायची आणि वर यायची. मला बरंही वाटायचं आणि खूप वाईटही वाटायचं."

स्वेतोलिकची बायको म्हणाली, "अहो, पण मग तुम्ही आपणहून का नाही सांगितलंत? घरात नर्स, अख्ख्या डोंगराला बरं करणारी!"

"म्हणूनच," ओब्राद म्हणाला. "रोज जेवताना ती सांगायची, आज याला विचारलं, आज त्याला विचारलं. कुणालाच विचारायची ती राहिली नव्हती. मला वाटायचं, कधीतरी माझा नंबर येईल. मी वाट बघत होतो."

स्टामेंकाला चौदा वर्षांत या बाकावरच्या बायकांना दिलेली सगळी उत्तरं पाठ होती. त्यातलं एकही इथं लागू पडत नव्हतं. तिला रागावायचं होतं, ते झालं नाही. तिला माफी मागायची होती, तेही नीट जमेना. तिनं पिंपाला विचारलं होतं. तेवीस वर्षं पिंपालाच विचारलं होतं.

तिनं बाकावर अंग वळवून त्याच्याकडे तोंड केलं. जो प्रश्न तिनं तीस वर्षांत कुणालाच विचारला नव्हता, ज्याला आमच्या डोंगरात आजवर कुणी खरं उत्तर दिलं नव्हतं, तोच तिनं विचारला. आवाज इतका हळू होता की पलीकडच्यांना पुढं झुकावं लागलं.

"ओब्राद, तू पितोस का रे?"

"पितो," ओब्राद म्हणाला.

तिनं त्याचा हात हातात घेतला. स्वेतोलिक काकांनी खिडकीपाशी जाऊन रजिस्टर उघडलं आणि दोघांची नावं एकाखाली एक लिहिली.